वैशाखातला श्रोता

मे महिन्यातील एका दुपारी, पत्र्यावर कावळासुद्धा पाय टेकवीत नाही अशा वेळी, निर्ण्याच्या आमच्या जुन्या घरातील धान्याच्या खोलीत माझा पुतण्या चारी बाजूंना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, उघड्या अंगाने आणि गळ्यात ओला पंचा टाकून एका चिमुकल्या मायक्रोफोनपुढे बसला होता, आणि दाराबाहेर, कोंबड्या व पोरे यांना आवाज करू न देण्याच्या कामगिरीवर, साठी उलटलेल्या मला त्याने नेमले होते. पुतण्या नोकरीनिमित्त पुण्यास असतो आणि तेव्हा दर रविवारी सकाळी मराठीत एक पॉडकास्ट प्रसृत करीत असे. सरहद्दीवरच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या हकिकती, मोडलेले बाजार, बुजलेल्या विहिरी, गाजलेली लग्ने आणि न गाजलेले खटले, असा त्यातला ऐवज असतो. त्या दुपारी वीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणास दीड तास लागला. कारण एकदा वरातीचा डीजे आला, एकदा परसातील कोकिळेने हट्ट धरला, आणि एकदा मीच शिंकलो. वीजही दोनदा गेली, परंतु पंखा आधीच बंद असल्यामुळे तिच्या जाण्याची नोंद कोणी घेतली नाही.

बाहेर आल्यावर त्याने फोनवर मला श्रोत्यांच्या संख्येची एक रेघ दाखविली. माघ-फाल्गुनात चढलेली ती रेघ पाडव्यानंतर जी उतरणीला लागली होती, ती अक्षय्यतृतीया झाली तरी सावरली नव्हती.

“काका, उन्हाळ्यात कोण ऐकूलालंय?” तो म्हणाला. “दोन महिने बंदच ठेवावं म्हणतो. सीझन संपला म्हणून सांगायचं अन् जूनमध्ये दुसरा सुरू करायचा.”

गोधड्यांच्या आड जे इतक्या कष्टाने चालले होते, तो निरोपाचा भाग होता.

त्याची कारणे ऐकून घेतली तर ती खोटी नव्हती. त्याचा श्रोता पुण्या-मुंबईत बसने नोकरीवर जाताना ऐकतो, वसतिगृहाच्या खाटेवर पडून ऐकतो, एकटा स्वयंपाक करताना ऐकतो. एप्रिल लागला की वसतिगृहे रिकामी होतात, नोकरदार रजा काढून गावी येतो, आणि गावी आला की तो एकटा राहत नाही. मांडव असतो, जत्रा असते, आंब्याची अढी असते, आणि सन २००८ पासून ऐन उन्हाळ्याच्या संध्याकाळी आयपीएलचे सामने असतात. कानात बोंडके घालून बसलेल्या माणसास घरातील वडीलधारी मंडळी “बरं नाही का?” म्हणून विचारतात. त्यात सरहद्दीची एक वेगळी अडचण. कर्नाटकातील शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुट्टी लागते आणि मे संपता संपता त्या उघडतात. महाराष्ट्रातील शाळा तेव्हा कुठे बंद झालेल्या असतात आणि जूनचा निम्मा महिना गेल्यावर भरतात. उदगीरची बहीण आणि निर्ण्याची भावजय यांची पोरे वर्षातून जेमतेम तीन-चार आठवडे एकत्र खेळतात, आणि निर्ण्यात बसून लातूर-पुण्याच्या माणसांसाठी बोलणाऱ्याच्या वाट्यास दोन राज्यांच्या सुट्ट्या मिळून दोन महिन्यांहून अधिक उन्हाळा येतो.

हे वाचकास चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतो. निर्णा हे बीदर जिल्ह्यातील गाव; पूर्वी हुमनाबाद तालुक्यात मोडणारे आणि आता नव्या चिटगुप्पा तालुक्यात गणले जाणारे. दक्षिणेस कलबुर्गी जिल्हा आणि पूर्वेस तेलंगण, दोन्ही हाकेच्या नसले तरी एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. निजामाच्या अमलात बीदर जिल्हा मोठा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली तेव्हा त्याचे तीन वाटे झाले: बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला, उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. जमिनीची वाटणी सरकारी दप्तरात झाली, सोयरिकींची झाली नाही. येथला मराठी माणूस घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत कानडी आणि भांडणात दखनी बोलतो, आणि त्याचे ऐकणारे नातेवाईक तीन राज्यांत विखुरलेले असतात. अशा मुलखात बोलणाऱ्याने बोलणे थांबविले, तर ऐकणाऱ्यास त्याच्या बदली दुसरा कोणी मिळत नाही.

पुतण्याच्या ‘सीझन’ या शब्दाने मात्र मला अडखळविले. त्याला आमच्याकडे शब्द आहे, हंगाम. आणि त्याचा आमच्याकडील अर्थ त्याच्या अर्थाच्या अगदी उलट आहे. तूर पौषात खळ्यावर येते, हरभरा आणि रब्बीची ज्वारी फाल्गुनापर्यंत घरात येते, आणि तेथून मृगापर्यंत कोरडवाहू शेतकऱ्यास औत हाकण्याचे काम फारसे उरत नाही. हंगाम संपला की ऐकणारा मोकळा होतो. म्हणून तर जत्रा चैत्र-वैशाखात भरतात, हरिनाम सप्ताह उन्हात मांडव घालून होतात, तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडून वैशाखापर्यंत गावोगाव हिंडतात आणि पाऊस लागण्याच्या सुमारास कनाती गुंडाळतात. शेकडो वर्षे ज्यांचे पोट लोकांच्या कानांवर अवलंबून होते, त्या सगळ्या मंडळींनी उन्हाळा हा आपल्या मिळकतीचा काळ मानला. ‘सीझन संपला’ म्हणणारा पुतण्या बोलणाऱ्याच्या सोयीने बोलत होता. ऐकणाऱ्याचा हंगाम नुकता कोठे सुरू झाला होता.

ही गोष्ट पुणे आकाशवाणीस एकदा फार चांगली उमगली होती, आणि योगायोग असा की तिचे दोन्ही दाखले लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांतील आहेत.

पहिला दाखला सर्वांस ठाऊक आहे, परंतु तो ज्या बाजूने पाहावयास पाहिजे त्या बाजूने आपण तो क्वचितच पाहतो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेले. म्हणजे वय अवघे दीड वर्षाचे. त्या केंद्रावरील सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्याकडून वर्षभर चालणारी एक गीतमाला करवून घेण्याची तजवीज केली, आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, शुक्रवारी सकाळी ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्या काव्याच्या व संगीताच्या थोरवीविषयी येथे बोलण्याचे कारण नाही. मला नवल वाटते ते मुहूर्ताचे. परीक्षा उरकलेल्या, शाळा सुटण्याच्या बेतात, माणसे गावी जाण्यास निघालेली, अशा वेळी एखाद्या आजच्या जाणत्या सल्लागाराने त्यांस जूनपर्यंत थांबण्यास सांगितले असते. ते थांबले नाहीत, आणि एकदा सुरू केल्यावर एकही आठवडा त्यांनी चुकविला नाही. त्या साली भाद्रपद अधिक आला. त्यामुळे एका रामनवमीपासून दुसरीपर्यंत ३८४ दिवस पडले, आणि बावन्न आठवड्यांच्या हिशेबाने योजिलेली माला १९ एप्रिल १९५६ पर्यंत लांबून छप्पन्न गीतांची झाली. पंचांगाने बाकी वाढविली, ती कवीने व संगीतकाराने बिनतक्रार फेडली. त्यात आणखी एक साधी व्यवस्था होती: शुक्रवारी सकाळी झालेले गीत शनिवारी व रविवारी पुन्हा लागत असे. शुक्रवारी लग्नाला गेलेला माणूस रविवारी परत येऊन दुवा सांधू शके.

दुसरा दाखला कमी लोकांस ठाऊक आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. गीतरामायण शेवटाकडे येत असतानाच, १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, याच केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. प्रत्येक गावी एक श्रोतृमंडळ. त्यात वीसएक सभासद, एक निमंत्रक व टिपणे ठेवणारा एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा, सायंकाळी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करावयाचा आणि ऐकलेल्यावर बोलावयाचे. शंका निघतील त्या केंद्राकडे लिहून पाठवावयाच्या, आणि केंद्राने त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून द्यावयाची. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे ब्रीद.

ही कल्पना कॅनडातून आलेली. तेथे १९४१ पासून १९६५ पर्यंत शेतकऱ्यांची अशी मंडळे सोमवारी रात्री शेजाऱ्यांच्या घरी जमून रेडिओ ऐकत. पण तेथला हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा असे, कारण जमीन बर्फाखाली गेली म्हणजे तेथला शेतकरी मोकळा होतो. पुण्याच्या मंडळींनी कल्पना उचलली आणि तिथी आपली लावली. आमचा शेतकरी उन्हाखाली मोकळा होतो, हे त्यांनी लक्षात घेतले असावे. परदेशी वस्तू घेताना तिच्याबरोबर तिचे पंचांगही घरात न येऊ देण्याची ही खबरदारी मला फार शहाणपणाची वाटते, आणि ‘सीझन’ आणणाऱ्यांस ती नेमकी साधलेली नाही.

प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती आणि ती पॉल न्यूरथ या अमेरिकेहून आलेल्या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली झाली. मंडळांची गावे आणि मंडळे नसलेली गावे यांतील माणसांस आधी व नंतर प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा मंडळांच्या गावी माहितीत ठळक वाढ दिसली, आणि इतरत्र ती नाममात्र होती. नुसता रेडिओ चावडीत असण्याने फारसे झाले नाही. ऐकून झाल्यावर कोणीतरी कोणाशी तरी बोलले, आणि आपले म्हणणे पलीकडे पोचून त्याचे उत्तर आपल्या गावाच्या नावानिशी परत आले, तेथे झाले. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर पसरविण्यात आली. योजना पसरल्यावर तिचे सरकारी कामात जे होते ते झाले, आणि त्याविषयी मी अधिक लिहीत नाही.

आम्ही या सगळ्याच्या कक्षेबाहेर होतो. आमच्या वडिलांच्या पिढीने हैदराबादचा डेक्कन रेडिओ ऐकला. १९३५ मध्ये संस्थानाने तो ताब्यात घेतला, त्यावरून उर्दूच्या जोडीने तेलुगू, मराठी व कानडीही लागे, आणि १९५० साली तो आकाशवाणीत विलीन झाला. गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, केंद्र आले ते १९६६ साली, कानडी. मराठी ऐकावयाचे तर रात्रीची वाट पाहावी लागे. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या एका विद्युद्भारित थरात शोषल्या जातात. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो आणि त्याच लहरी आणखी उंचावरून परतून शेकडो मैल दूर उतरतात. आम्हां पोरांस हे शास्त्र ठाऊक नव्हते. दिवे लागल्यावर पुणे-मुंबई आपल्या माळवदावर येते, एवढे ठाऊक होते. माळवदावर पाणी शिंपडून अंथरुणे घातलेली, उशाशी रेडिओ, आणि वैशाखात दूर कोठे वळवाची वीज चमकली की भाषणाच्या मधोमध खर्रकन् उठणारी खरखर; ती उठली की वडील आभाळाकडे न पाहता सांगत, “कलबुर्गीकडं पडलालाय.” ऐकण्यास सर्वांत वाईट ऋतू तोच होता आणि सर्वांत अधिक ऐकले तेही त्याच ऋतूत, कारण दुसऱ्या कोणत्या ऋतूत सारे घर एका छताऐवजी एका आभाळाखाली निजत होते?

हे सगळे मी पुतण्यास एका बैठकीत सांगितले असे नव्हे. सांगितले असते तर तो उठून गेला असता. मी त्याला प्रथम माझीच एक चूक सांगितली. शिक्षकीच्या पहिल्या वर्षांत मी मारुतीच्या पारावर दर शनिवारी रात्री गोष्ट वाचून दाखवीत असे. तीस-चाळीस माणसे बसत, त्यांत बाया अधिक. उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणून मी ते वाचन बंद केले. बंद करण्याचे कारण एवढेच, की सुट्टी माझी होती. जूनमध्ये पाटी लिहून लावली तेव्हा चार पोरे आणि एक कुत्रे आले. पेरण्या सुरू झाल्या होत्या. तो पार पुन्हा भरला नाही.

माझे आजोबा असली चूक करणारे नव्हते. ते ‘गुरुचरित्र’ वाचीत. आमच्या टापूत त्या पोथीस आप्ताचा मान आहे, कारण नृसिंहसरस्वतींचे गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यातच, पोथीत ज्या यवन राजाचा फोड बरा होतो तो बीदरचाच, आणि पोथी रचणारे सरस्वती गंगाधर हे घरी कानडी बोलणारे. म्हणजे सरहद्दीवरच्या माणसाने जी मराठी लिहिली तीच पुढे साऱ्या महाराष्ट्राने पाठ केली. आजोबा दिवसाचा अध्याय संपवून पोथी बांधीत नसत. पुढल्या अध्यायाच्या पाच ओव्या वाचीत, आणि मग फडके गुंडाळीत. धर्मशास्त्र त्यास काही म्हणो. समोरच्या म्हातारीस उद्या येणे भाग पडे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पुतण्याने या पाच ओव्या तेवढ्या उचलल्या. निरोपाचा भाग त्याने रद्द केला असे मी म्हणणार नाही; तो त्याच्या फोनमध्ये अजून आहे. परंतु रविवारी सकाळी दहाची वेळ सोडून, माणसे गच्चीवर आडवी होतात ती रात्री नऊची वेळ त्याने धरली. एकट्या कानासाठी बोलण्याऐवजी फोन मध्ये ठेवून पाच जण ऐकतील असे सावकाश, कमी बोलू लागला, आणि मांडवात ज्याने त्याने तो भाग दुसऱ्याच्या फोनवर ढकलावा म्हणून प्रारंभीचा लांबलचक नमस्कार त्याने कापून टाकला. पॉडकास्टचा हा नवा व्यवहार जुन्या आकाशवाणीहून एका बाबतीत निर्दय आहे. श्रोत्याने काही भाग न ऐकता पडू दिले, की काही ॲप पुढले भाग आपण होऊन उतरवून घेणे थांबवितात; जणू दारातला पेपरवाला कालचा अंक तसाच पडलेला पाहून आजचा टाकीत नाही. त्यामुळे भाग पडून असताना दोन महिने गप्प बसलेला मनुष्य परत येतो तेव्हा त्याचे दार नुसते लोटलेले नसते, आतून कडी लागलेली असते.

परंतु दर आठवड्यास नवे बोलावयाचे, तर सामग्री कोठून आणावयाची? त्याचे उत्तर अंगणात वाळत होते. आमच्या घरी त्या दिवसांत वाळवण चालू होते. गव्हाचा चीक रात्रभर निवळून पहाटे शिजवावयाचा, उन्हे चढण्यापूर्वी सोऱ्यातून कुरडया घालावयाच्या, आणि त्या बाजेवरच्या धोतरावर कडकडीत वाळवून डब्यात भरल्या की दसरा-दिवाळीपर्यंत पाहावे लागत नाही. उन्हाळ्यात बायका वर्षाचे तळण करतात, आणि ते करताना जितके बोलतात तितके वर्षात कधी बोलत नाहीत. पुतण्याने सोऱ्यापाशी फोन ठेवला. तीन सकाळींत त्याच्याजवळ श्रावणापर्यंत पुरेल इतका ऐवज जमला, आणि घरी आलेल्या उदगीरच्या व हैदराबादच्या भाचरांस त्याने कामास जुंपले: ज्याने त्याने आपल्या आजोळच्या माणसास एक प्रश्न विचारावयाचा आणि उत्तर भरून आणावयाचे. मागल्या आठवड्यात कोणी हुमनाबादहून विचारले असेल, तर त्याचे उत्तर या आठवड्यात गावाचे नाव घेऊन द्यावयाचे. हा शेवटला भाग त्याने १९५६ च्या पुण्याकडून घेतला आणि श्रेय मला दिले. मी ते घेतले.

त्या रेघेचे काय झाले, असे वाचक विचारील. पहिले दोन आठवडे ती तशीच उतरत राहिली. तिसऱ्यास थांबली. पुढे ती चढली असे तो म्हणतो. मी पाहिली तेव्हा मला ती आडवी दिसली, परंतु माझा चष्मा जुना आहे.

पुण्यास परतण्याच्या आदल्या रात्री त्याने शेवटचे मुद्रण माळवदावर केले. शेजारची म्हातारी, नव्वदीच्या घरातली, आपल्या सासऱ्याच्या खिल्लारी जोडीची गोष्ट सांगत होती. बैल पुरात गाडीसकट वाहत निघालेले, एकाचे नाव तिला आठवत होते, दुसऱ्याचे आठवेना, आणि नावावाचून ती पुढे जाईना. तेवढ्यात वळीव आला. थेंब पत्र्यावर तडतडू लागले, अंथरुणे गोळा करण्याची धांदल उडाली, आणि पुतण्याने फोन बंद करण्याऐवजी तो पंच्यात धरून जिन्यात तसाच चालू ठेवला. पूर, गाडी, एका बैलाचे नाव आणि पाऊस, एवढाच तो भाग. तो त्याने काही न कापता रात्रीच लावून दिला.

सकाळी सहाच्या बससाठी तो पिशवी खांद्याला लावून अंगणात उभा होता. म्हातारी काठी टेकीत आली, आणि तिच्या मागे तिची सून व सुनेच्या मागे दोन पोरे.

“आरं, थांब जरा,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं नाव याद आलं बघ. काढ ते तुझं यंत्र.”

त्याने पिशवी खाली ठेवली.